चालू डेटाबेसचा बॅकअप कसा घ्यायचा, आणि तो खरंच उघडतोय का ते कसं बघायचं

आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या, नवी पेठेतलं होलसेल दुकान घ्या नाहीतर होटगी रोडचं एखादं हॉस्पिटल, सगळीकडे केबिनच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर "सर्व्हर" म्हणून ठेवलेला असतो आणि बॅकअपचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लावलाय की ओ, रात्री ११ ला आपोआप होतोय". कुठं होतोय? ई ड्राइव्हला. कसा होतोय? फोल्डर कॉपी. रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करून, कधी बघितलंय का? इथं सगळे एकमेकांकडं बघतात. म्हणून म्हणलं एकदा सविस्तर लिहावं, कारण चालू डेटाबेसचा फोल्डर कॉपी करणं याला बॅकअप म्हणणं म्हणजे नशिबावर सोडणं आहे, आणि यात दोष कॉपी करणाऱ्या पोराचा नसतो, त्याला आत काय चालतं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. समजा चादर-टॉवेलचा एक होलसेलर आहे, बिलिंग आणि स्टॉक पोस्टग्रेस डेटाबेसवर, साइझ ४० जीबीच्या आसपास, काउंटरवर पाच-सहा जण बिलं काढतात आणि गोडाऊनवाले मोबाईलवरून माल आत-बाहेर लावतात. मायएसक्यूएल आणि बाकीच्या डेटाबेस सॉफ्टवेअरचं मधेमधे येईलच. कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजीतच टाइप करायची.

आधी हे समजून घ्या, कॉपी का तुटते

डेटाबेस डिस्कवर एका फायलीत नसतो, शेकडो फायली असतात, आणि त्या फायलींत कुठल्याही क्षणी जे असतं ते अर्धं जुनं अर्धं नवं असतं. पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांत डेटा ठेवतो, मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन १६ केबीच्या. तुम्ही बिल सेव्ह केलं की पान आधी मेमरीत बदलतं आणि "काय बदललं" याची नोंद लॉगमध्ये जाते, पोस्टग्रेसमध्ये त्याला वॉल म्हणतात आणि इनोडीबीत रीडू लॉग. ही नोंद डिस्कवर पक्की झाली की तुम्हाला "सेव्ह झालं" असं उत्तर येतं. खरं पान मात्र डिस्कवर नंतर सावकाश उतरतं. मधेच लाईट गेली तरी काही बिघडत नाही कारण चालू होताना डेटाबेस लॉग वाचतो आणि जी पानं मागं राहिली होती ती पुढं आणतो.

आता तुमची फोल्डर कॉपी ११ वाजता सुरू झाली, बिलांची फाईल ११ ला उचलली, स्टॉकची फाईल ११ वाजून ८ मिनिटांनी उचलली, आणि मधे ११:०४ ला कुणीतरी हैदराबादच्या पार्टीचं ५० डझन टॉवेलचं बिल काढलं. तुमच्या कॉपीत स्टॉक ५० डझननी कमी आहे पण बिल नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरची माणसं एका टोकापासून मोजत निघालात तर तसंच होईल, पाळण्यापाशी मोजलेला माणूस पुढं खेळण्यांच्या दुकानात परत मोजला जाणार, दुसरा कुणीतरी पाठीमागून निसटणार, शेवटी आकडा मिळेल पण तो कुठल्याच क्षणाचा नसेल. आणि हे फक्त फायलीफायलींत नाही, एकाच पानाचा वरचा अर्धा भाग जुना आणि खालचा नवा असंही कॉपीत येऊ शकतं. असा डेटाबेस चालूच झाला नाही तर निदान कळतं तरी. बऱ्याचदा तो चालू होतो, लॉगिन होतं, मालक खूश, आणि दोन आठवड्यांनी एका पार्टीचं लेजर उघडताना एरर येतो कारण इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधायची यादी) ज्या ओळीकडे बोट दाखवतोय ती ओळच तिथं नाही.

यातून सुटायचे रस्ते तीनच आहेत. डेटाबेसलाच सांगायचं की मला एका क्षणाचं चित्र दे, हा डंप. किंवा फायली तुटक्याच उचलायच्या पण कॉपी चालू असताना तयार झालेला सगळा लॉग सोबत घ्यायचा आणि रिस्टोअरच्या वेळी त्या लॉगने तुटकं जोडायचं, हा फिजिकल बॅकअप. नाहीतर अख्खी डिस्क एका क्षणाला गोठवायची, हा डिस्क स्नॅपशॉट. बाकी जी काही टूल्स मिळतात ती यातलंच काहीतरी करतात.

पायरी १ : मालकाकडून दोन उत्तरं घ्या

किती वेळाचं काम गेलं तर चालेल, आणि बंद पडल्यावर किती वेळात परत चालू पाहिजे. बस. "काहीच जाता कामा नये" असं उत्तर येणार, तेव्हा शांतपणे विचारायचं, "अण्णा, आज संध्याकाळी सात वाजता डिस्क उडाली तर सकाळपासूनची बिलं कागदावरून परत टाकता येतील का?" लहान दुकान असेल तर म्हणतील येतील, मग रात्रीचा डंप पुरतो. दिवाळीच्या सीझनला दिवसभर ट्रान्सपोर्टचे टेम्पो लागलेले असतात तिथं नाही म्हणतील, मग पायरी ४ करावीच लागेल. दोन्ही उत्तरं कागदावर लिहून ठेवा, पुढं यूपीएस आणि डिस्कचे पैसे मागताना कामाला येतात.

पायरी २ : डंप

पोस्टग्रेसमध्ये पीजी_डंप. हा सुरू झाला की रिपीटेबल रीड पातळीचं एक ट्रान्झॅक्शन (एकत्र धरलेल्या कामांचा गठ्ठा) उघडतो आणि तिथून पुढं त्याला फक्त तोपर्यंत कमिट, म्हणजे पक्कं झालेलंच दिसतं, डंपला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात शंभर बिलं निघाली तरी ती त्याच्यासाठी नाहीतच. हे जमतं कारण पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी लगेच पुसत नाही, नवी आवृत्ती बाजूला लिहितो, आणि कुणाला कुठली दाखवायची ते ट्रान्झॅक्शनप्रमाणे ठरवतो. बिलिंग थांबवायची गरज नाही, काउंटरवर कळत पण नाही.

फॉरमॅट कस्टम घ्या (मायनस कॅपिटल एफ स्मॉल सी), साधी एसक्यूएल फाईल नको, कारण कस्टममधून नंतर एकच टेबल बाहेर काढता येतं. डेटाबेस मोठा असेल तर डायरेक्टरी फॉरमॅट आणि मायनस जे ४ देऊन चार जोडण्यांनी समांतर डंप घ्या, चारही जोडण्या एकच स्नॅपशॉट वाटून घेतात म्हणून तिथंही क्षण एकच राहतो. एक गोष्ट नेहमी राहते, युझर आणि त्यांचे रोल (कुणाला कशाची परवानगी) पीजी_डंपमध्ये येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑल ग्लोबल्स-ओन्ली पर्याय लावून वेगळा चालवायचा. हे नाही केलं तर रिस्टोअरच्या दिवशी डेटा येतो आणि "रोल अस्तित्वात नाही" म्हणून एररची रांग लागते.

फुकट मात्र काही नाही. डंप चालू आहे तोपर्यंत जुन्या ओळी व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या झाडलोटीला, साफ करता येत नाहीत, त्यामुळे चार-पाच तासांचा डंप असेल तर टेबलं फुगतात. आणि डंप प्रत्येक टेबलवर हलकं कुलूप धरून बसतो, वाचायला-लिहायला अडचण नाही, पण त्याच वेळी कुणी सॉफ्टवेअर अपडेट टाकून टेबलला कॉलम वाढवायला गेला तर ती कमांड थांबते, आणि तिच्या मागं आलेली साधी बिलंही थांबतात. म्हणजे व्हेंडरने रात्री ११ लाच अपडेट टाकायचं आणि आपला बॅकअपही ११ लाच, हा योग टाळा.

मायएसक्यूएलवाल्यांनी इथं नीट लक्ष द्या. मायएसक्यूएल-डंप नुसता चालवला तर तो एकेका डेटाबेसची टेबलं लॉक करून वाचतो, म्हणजे लिहिणारे सगळे थांबतात. सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला की पोस्टग्रेससारखंच एका क्षणाचं चित्र मिळतं, पण फक्त इनोडीबी टेबलांसाठी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम टेबलं अजून सापडतात, त्यांना ट्रान्झॅक्शन हा प्रकारच नाही, ती डंप चालू असताना बदलतच राहतात. आधी शो टेबल स्टेटस मारून इंजिनचा कॉलम बघा, मायआयसॅम दिसलं तर इनोडीबीत बदलून घ्या. शिवाय डंप चालू असताना ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलणं) किंवा ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) झालं तर सिंगल-ट्रान्झॅक्शनही वाचवत नाही, त्या टेबलचा डेटा चुकीचा येऊ शकतो नाहीतर डंपच पडतो. आणि रुटीन्स, इव्हेंट्स हे दोन पर्याय हाताने लिहावे लागतात, ट्रिगर आपोआप येतात पण स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसच्या आतच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) येत नाहीत. सॉफ्टवेअरचं अर्धं डोकं त्या प्रोसिजरमध्येच असतं कित्येकदा.

पायरी ३ : स्क्रिप्ट, जी खोटं बोलणार नाही

सगळ्यात जास्त बॅकअप इथं मरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. डंपचं आउटपुट पाइपने जीझिपमध्ये (फाईल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) टाकायचं ही पद्धत सगळीकडे आहे. डंप मधेच पडला, समजा पासवर्ड बदलला होता, तर जीझिपला त्याचं काही नाही, त्याला जेवढं मिळालं तेवढं त्याने नीट दाबून ठेवलं आणि "यशस्वी" म्हणून शून्य कोड परत दिला. शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच कोड बघतो. म्हणून बॅश स्क्रिप्टच्या वर सेट मायनस ओ पाइपफेल ही ओळ पाहिजेच.

फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, डंप पूर्ण झाला, कोड शून्य आला, मगच नाव बदलून खरं नाव द्या, म्हणजे खऱ्या नावाची अर्धवट फाईल कधीच असणार नाही. नंतर तपासा. कस्टम फॉरमॅट असेल तर पीजी_रिस्टोअर लिस्ट पर्यायाने यादी वाचता येते का बघा, मायएसक्यूएलच्या फायलीत शेवटच्या ओळीला "डंप कम्प्लीटेड" आणि तारीख असते ती आहे का बघा. साइझची कालच्याशी तुलना करा, अचानक निम्मी झाली तर ओरडायला पाहिजे. आणि निरोप फक्त बिघडल्यावर पाठवणारी स्क्रिप्ट लिहू नका, रोज "झालं, इतके जीबी, इतकी मिनिटं" असा मेसेज यावा आणि तो आला नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी मशीनने कळवावं, कारण सर्व्हरच बंद असेल तर बिघडल्याचा निरोप पाठवणार कोण.

हे नुसतं लहान दुकानांचं दुखणं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचाच डेटा फोल्डर उडवला, साधारण ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. रोजचा डंप बघायला गेले तर क्लाउडवरचा फोल्डर रिकामा. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता आणि स्क्रिप्ट ९.२ चा पीजी_डंप चालवत होती, जुना पीजी_डंप नव्या सर्व्हरला हात लावत नाही, एरर देऊन बाहेर पडतो. त्या एररचे ईमेल निघत होते पण ईमेलच्या पडताळणीत अडकून परत जात होते, कुणाला मिळालेच नाहीत. शेवटी कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेला डिस्क स्नॅपशॉट होता, त्यावर गाडी परत उभी राहिली आणि मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलं. त्यांनी हे सगळं स्वतःच उघडपणे लिहिलं हे मला फार आवडतं. आपल्यासाठी यातलं काम एवढंच की डेटाबेस अपग्रेड केला की त्याच दिवशी बॅकअपच्या स्क्रिप्टमधला पीजी_डंप कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघायचं.

पायरी ४ : लॉग साठवा, म्हणजे मिनिटावर मागं जाता येतं

रात्रीचा डंप तुम्हाला काल रात्रीवर नेतो. पण समजा दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी सपोर्टवाल्या पोराने रेट बदलायची अपडेट कमांड मारली आणि व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलं, सगळ्या चादरींचा रेट एकच झाला. इथं तुम्हाला १:३९ पाहिजे.

रीत अशी. पीजी_बेसबॅकअपने आठवड्याला किंवा रोज एकदा फायलींचा फिजिकल बॅकअप घ्यायचा, तो चालू डेटाबेसवरच होतो, पानं तुटकी आली तरी चालतात कारण सोबतचा वॉल ती जोडतो. त्यानंतर तयार होणारी प्रत्येक वॉल फाईल, नेहमीच्या सेटिंगला १६ एमबीची, लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवायची, त्यासाठी आर्काइव्ह मोड चालू आणि आर्काइव्ह कमांड भरायची. धंदा मंद असेल तर १६ एमबी भरायला तासही लागेल, म्हणून आर्काइव्ह टाइमआउट ३०० सेकंद ठेवा, म्हणजे जास्तीत जास्त पाच मिनिटांचं काम धोक्यात.

आर्काइव्ह कमांडचे दोन नियम मोडू नका. फाईल खरंच पोचली तरच शून्य कोड द्यायचा, आणि तिथं त्याच नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यावर लिहायचं नाही, नापास व्हायचं. नापास झाली तर पोस्टग्रेस ती फाईल जपून ठेवतो आणि परत परत प्रयत्न करतो, हे चांगलं आहे, पण चार दिवस कुणी बघितलं नाही तर डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. म्हणून पीजी_स्टॅट_आर्कायव्हर या व्ह्यूमध्ये शेवटचं यश कधी आणि शेवटचं अपयश कधी ते रोजच्या मेसेजमध्ये टाका. खरं सांगायचं तर हाताने कमांड लिहीत बसण्यापेक्षा पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन यातलं एक तयार टूल लावा, हे सगळं त्यात विचार करून केलेलं आहे.

मागं जाताना बेस बॅकअप वेगळ्या मशीनवर उघडायचा, रिस्टोअर कमांडमध्ये वॉल कुठून आणायचा ते सांगायचं, रिकव्हरी टार्गेट टाइम भरायचा, रिकव्हरी डॉट सिग्नल नावाची रिकामी फाईल ठेवायची (आवृत्ती १२ पासून अशी पद्धत आहे, त्याआधी वेगळी फाईल होती) आणि चालू करायचं. वेळ भरताना टाइमझोन लिहाच, अधिक ०५:३०. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल आणि तुम्ही नुसतं १३:३९ लिहिलं तर ते आपल्याकडचे संध्याकाळचे ७ वाजून ९ मिनिटं होतात, म्हणजे चुकीची अपडेट सकट सगळं परत येणार. पोस्टग्रेस त्या क्षणाला पोचून थांबतो, तेव्हा वाचून बघा, रेट बरोबर आहेत का. वेळ हवी त्याच्या आधीची निघाली तर टार्गेट पुढं सरकवून परत चालू करता येतं, पण एकदा पुढं निघून गेलात तर मागं येता येत नाही, बेस बॅकअपपासून परत सुरुवात. म्हणून पहिल्यांदा हव्या क्षणाच्या थोडं आधीच थांबा. आणि अख्खा डेटाबेस मागं न्यायचीही गरज नसते, त्या वेगळ्या मशीनवरून फक्त रेटचं टेबल डंप करून चालू सर्व्हरवर दुरुस्त करा, दुपारनंतरची बिलं तशीच राहतात.

मायएसक्यूएलमध्ये हेच काम बिनलॉग करतो, ८.० पासून तो आधीच चालू असतो आणि ३० दिवस ठेवतो. डंप घेताना सोर्स-डेटा २ हा पर्याय द्या (८.०.२६ च्या आधी आणि मारियाडीबीत मास्टर-डेटा), म्हणजे डंपच्या क्षणी बिनलॉग कुठं होता ते फायलीत वरतीच लिहिलं जातं, पुढं तिथून मायएसक्यूएलबिनलॉगने हवं तिथपर्यंत चालवायचं. पण बिनलॉग त्याच डिस्कवर पडून राहिला तर डिस्क गेल्यावर त्याचा काय उपयोग, तो बाहेर न्यायलाच पाहिजे. मोठ्या मायएसक्यूएलला पर्कोनाचं एक्स्ट्राबॅकअप आहे, फायली उचलताना रीडू लॉगच्या मागं मागं राहतं आणि नंतर प्रिपेअर पायरीत जोडतं. प्रिपेअर न केलेला बॅकअप तसाच वापरायला जाऊ नका.

विंडोजवर बिलिंग असेल तर बहुतेक एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असतो. तिथं बॅकअप डेटाबेस कमांड चेकसम पर्यायासह, आणि मिनिटावर मागं जायचं असेल तर रिकव्हरी मॉडेल फुल ठेवून लॉगचा वेगळा बॅकअप. फुल ठेवलं आणि लॉग बॅकअप विसरला की लॉगची फाईल फुगत जाऊन ड्राइव्ह भरतो, हे किती ठिकाणी दिसतं विचारू नका. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा) नसतो म्हणून टास्क शेड्युलरमधून चालवायचं. एसक्यूलाइट असेल तर फाईल कॉपी न करता डॉट बॅकअप कमांड किंवा व्हॅक्यूम इनटू. सोबतची वॉल फाईल सोडून नुसती मुख्य फाईल उचलली तर ताज्या नोंदी मागंच राहतात.

क्लाउडच्या किंवा व्हर्च्युअल मशीनच्या स्नॅपशॉटबद्दल एवढंच, तो लाईट गेल्यासारखी अवस्था पकडतो आणि डेटाबेस त्यातून उठतो, पण डेटा एका डिस्कवर आणि लॉग दुसऱ्या डिस्कवर असेल आणि दोघांचे स्नॅपशॉट दोन सेकंदांच्या फरकाने झाले तर परत तीच होम मैदानची गत. आणि दुसऱ्या सर्व्हरवर रेप्लिका (सतत ताजी होत राहणारी नक्कल) आहे म्हणून निवांत राहू नका, व्हेअर नसलेली अपडेट रेप्लिकावर पण लगेच पोचते.

पायरी ५ : डेटाबेसच्या बाहेरच्या फायली

डिझाइनचे फोटो, स्कॅन केलेली चलनं, पीडीएफ बिलं हे सगळं फोल्डरमध्ये असतं आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांची नावं. क्रम असा ठेवा, आधी डेटाबेस, मग फायली. उलटं केलं तर मधल्या वेळात टाकलेल्या फोटोचं नाव डेटाबेसमध्ये येईल पण फोटो येणार नाही. सरळ क्रमात झालं तर चार फोटो जास्त येतील, ते चालतं. फक्त सॉफ्टवेअरने फाईल लगेच डिलीट करायला नको, आठवडाभर बाजूला ठेवून मग पुसावी. सेटिंगच्या फायली आणि लायसन्स की याच वेळी उचला.

पायरी ६ : ठेवायचं कुठं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, एक प्रत बाहेरगावी, हा ३-२-१ चा नियम जुनाच आहे आणि अजून त्याच्यापेक्षा सोपं काही मिळालेलं नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, रात्री एसी बंद केलेल्या केबिनमध्ये सर्व्हर आणि त्याच्याच डोक्यावर ठेवलेली बॅकअपची डिस्क दोघं एकत्रच शिजतात. एक प्रत घरी किंवा दुसऱ्या गाळ्यात, एक क्लाउडवर मुंबई किंवा हैदराबादला, दोन्हीकडं मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर्स आहेत. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिशेबाचा इलेक्ट्रॉनिक बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं नियमात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोज घ्यावा लागतो. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, म्हणून मार्चअखेरचा एक डंप वेगळा काढून ठेवा, आणि तो डंपच असू द्या, कारण फिजिकल बॅकअप उघडायला पोस्टग्रेसची तीच मुख्य आवृत्ती लागते आणि सहा वर्षांनी ती कुठं शोधत बसणार.

रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) विचार करताना एकच प्रश्न विचारा, सर्व्हरवर ज्याचा ताबा आहे त्याला बॅकअप पुसता येतो का? नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला असेल तर येतो. बॅकअपच्या मशीनने सर्व्हरवरून ओढून घ्यावं, सर्व्हरला तिथं जायची परवानगीच नको, आणि क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक लावून ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाही असं करा. बॅकअप एन्क्रिप्ट करताय ना, मग ती किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका. छापून तिजोरीत ठेवा, हसण्यासारखं वाटतं पण चालतं.

पायरी ७ : रिस्टोअर करून बघा, दर महिन्याला

वेगळा कॉम्प्युटर घ्या, जुना असला तरी चालेल, डिस्क पुरेशी पाहिजे. सुरू करायच्या आधी त्याचं इंटरनेट तोडा किंवा एसएमएस, व्हॉट्सअॅप, ईमेल, ई-इनव्हॉइसच्या सगळ्या सेटिंग रिकाम्या करा. रिस्टोअर झालेलं सॉफ्टवेअर जागं झालं की त्याला वाटतं आपणच खरे, आणि ते पार्ट्यांना थकबाकीचे मेसेज पाठवायला लागतं.

आता घड्याळ लावा. बाहेरच्या प्रतीतून फाईल आणण्यापासून वेळ मोजा, कारण खऱ्या दिवशी ४० जीबी क्लाउडवरून खाली यायलाच किती वेळ लागतो ते महत्त्वाचं. रोल आधी टाका, मग पीजी_रिस्टोअर, मायनस जे देऊन समांतर, आणि एक्झिट-ऑन-एरर लावून. साधी एसक्यूएल फाईल असेल तर पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं टूल) एरर आला तरी पुढं पळत राहतो, त्याला ऑन एरर स्टॉप सांगावं लागतं. झाल्यावर अॅनालाइझ चालवा, नाहीतर लेजर इतकं हळू उघडेल की तुम्हाला वाटेल बॅकअपच खराब आहे. फिजिकल बॅकअप असेल तर उघडायच्या आधी पीजी_व्हेरिफायबॅकअप (१३ पासून आहे) आणि उघडल्यावर पीजी_अॅमचेक (१४ पासून), हा इंडेक्स आणि टेबलं तपासतो. एसक्यूएल सर्व्हरला रिस्टोअर करून चेकडीबी चालवा, नुसतं व्हेरिफाय-ओन्ली पुरत नाही, ते फाईल वाचता येते एवढंच सांगतं.

एक लपलेला खड्डा. फिजिकल बॅकअप वेगळ्या लिनक्सवर उघडला आणि तिथली जीलिबसी लायब्ररी वेगळ्या आवृत्तीची असेल तर अक्षरांचा क्रम बदललेला असू शकतो, २०१८ ला आलेल्या २.२८ मध्ये असा मोठा बदल झाला होता. नावांवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने आणि शोध नव्या क्रमाने, मग समोर असलेली पार्टी सापडत नाही. अशा वेळी रीइंडेक्स करा. मायएसक्यूएलमध्ये मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन आली का तेही उघडून बघा, डंपचा कॅरेक्टर सेट चुकला की हे होतं आणि ती अक्षरं नंतर परत येत नाहीत.

यानंतर धंद्याच्या भाषेत तपासा, हे काम अकाउंटंट ताईंना सोबत घेऊन करा. गेल्या सात दिवसांची रोजची बिलाची बेरीज चालू सर्व्हरवरच्या बेरजेशी जुळते का. प्रत्येक बिलाची रक्कम त्याच्या ओळींच्या बेरजेएवढी आहे का, ज्या बिलाला एकही ओळ नाही असं बिल सापडतं का. गोडाऊनचा स्टॉक म्हणजे आवक वजा जावक, तो जुळतो का. शेवटच्या बिलाची वेळ बॅकअपच्या वेळेच्या जवळ आहे का, कारण कधीकधी बॅकअप रोज होतोय पण चुकीच्याच, जुन्या डेटाबेसचा होतोय. मग ताईंना लॉगिन करू द्या, एक नवीन बिल काढू द्या, प्रिंट येऊ द्या. बिल नंबर पुढचाच आला पाहिजे.

लागलेला वेळ पायरी १ मधल्या कागदाशी लावून बघा. मालक म्हणाले होते दोन तास आणि तुम्हाला लागले सहा, तर हे आजच सांगा. रोजचं ऑटोमॅटिक रिस्टोअरही लावता येतं, रात्री डंप झाला की पहाटे दुसऱ्या मशीनवर उघडायचा, वरच्या बेरजा तपासायच्या आणि मेसेज पाठवायचा. पण महिन्याचं हाताने करणं त्यामुळं सोडू नका, आणि दर वेळी वेगळ्या माणसाने करायचं, तुम्ही गावाला गेलेले असताना काय?

पायरी ८ : खरंच बिघडलं तर

पहिलं काम सॉफ्टवेअर बंद करणं, काउंटरवाल्यांना कागदी बिलबुक द्या. दुसरं, बिघडलेला डेटा फोल्डर जसाच्या तसा, सर्व्हिस बंद करून, दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवा, कितीही घाई असली तरी. त्यात अजून न पाठवलेल्या वॉल फायली असतात आणि शेवटची पाच मिनिटं त्यातूनच परत मिळतात. त्याच फोल्डरवर रिस्टोअर मारला तर ती गेली. रिस्टोअर नव्या जागी करा, वरच्या बेरजा परत तपासा, मगच काउंटर उघडा. चालू झाल्यावर बॅकअपचं शेड्यूल परत जोडलंय का बघा आणि रात्रीची वाट न बघता लगेच एक नवा बेस बॅकअप घ्या, कारण मिनिटावर मागं गेलेला पोस्टग्रेस नवी टाइमलाइन (लॉगची नवी फांदी) सुरू करतो, जुन्या बेसवरून तिथपर्यंत पोचता येतं पण वाट लांब आणि गुंतागुंतीची होते. मधल्या वेळातली कागदी बिलं संध्याकाळी नंबरवार टाका आणि बिलबुकाच्या स्थळप्रती फाडू नका, ऑडिटला लागतात.